गिअरचीच आहे

मास्तरला सायकल दुरुस्तीवाला म्हटलेलं खपत नसे. दुकानावर पाटी नव्हती. असती तर तिच्यावर एकच शब्द असता, ‘चाकं’. पंक्चर तो काढायचा, ब्रेकची रबरं बदलायचा, चेनला तेल सोडायचा. पण ही कामं करताना त्याचं तोंड असं व्हायचं, की जणू पट्टीच्या गवयाला कुणी भोंग्यावरून भाजीचे भाव ओरडायला बसवलंय. चाक आलं की मात्र माणूस पालटायचा. ठेचकाळलेलं, बैल मुतल्यासारखं नागमोडी डुलणारं चाक स्टँडवर चढवलं की तो आधी डोळे मिटून एकेक स्पोक नखानं छेडायचा. ढिला स्पोक ठप्प बोलतो, ताणलेला टण्ण. मग चावी घेऊन इथं पाव फेरा, तिथं अर्धा. चाकाचा वाकडेपणा म्हणजे आउट. ‘आउट निघाला,’ असं मास्तर म्हणाला, की कडेला केस धरून चाक फिरवा, केस हलायचा नाही.

“लोक रंग बघून सायकल घेतात,” तो म्हणायचा. “गाढवं आहेत. सायकल म्हणजे दोन चाकं. बाकीचं सगळं ती चाकं पळून जाऊ नयेत म्हणून लावलेलं असतं.”

शेजारच्या खोक्यात बसणारा घड्याळवाला डोळ्यावरचं भिंग न काढताच विचारायचा, “आणि बसणारा माणूस, मास्तर?”

“तो ओझं.”

हे सगळं ऐकायला छान होतं, पण गेल्या नऊ वर्षांत मास्तरनं एकही अख्खं चाक बांधलं नव्हतं. चाकाच्या मधला मोकळा हब, मोकळी रिम आणि छत्तीस स्पोक घेऊन कुणी येईनासं झालं. यंत्रावर बांधलेली तयार चाकं खोक्यातून यायला लागली. ती मास्तरच्या चाकाच्या पासंगाला पुरत नव्हती, पण चालत होती, आणि लोकांना चालणारं पुरतं. मास्तर दिवसभर पंक्चरी काढायचा आणि संध्याकाळी घरी जाऊन बायकोच्या सायकलचा आउट काढायचा, तिला गरज असो वा नसो.

बायकोला मात्र सायकलची गरज होती.

गाव उताराच्या पायथ्याशी आणि इस्पितळ वर डोंगराच्या सपाटीवर. मधे अडीच किलोमीटरचा चढ. आधी साधा, मग पाण्याच्या टाकीपासून पोटऱ्या बोलायला लावणारा, आणि शेवटी दोन दगडी भिंतींच्या मधून जाणारं एक वळण, जिथं चालणारासुद्धा कमरेवर हात ठेवून उभा राहतो. मास्तरची बायको इस्पितळाचं शिवण करायची. फाटलेल्या चादरी, उसवलेले अंगरखे, बंद तुटलेले डॉक्टरांचे डगले. आठवड्यातून तीनदा दोन गाठोडी मागच्या कॅरिअरला बांधून वर न्यायची, तशीच दोन खाली आणायची. बावीस वर्षं. बस होती, पण बसवाला गाठोडी बघितली की दार लावून घ्यायचा.

खाली तिला सगळे मास्तरची बायको म्हणायचे. वर ती ‘शिवणमावशी’ होती. वर भांडाराच्या दाराशी तिची स्वतःची खुर्ची होती, एका पायाला चिंधी बांधलेली. नर्सा येता-जाता तिच्याशी भांडायच्या, रडायच्या, आपल्या नवऱ्यांच्या चहाड्या सांगायच्या. गच्चीवर चादरी वाळत असायच्या आणि त्यांच्या आडून सगळं खोरं दिसायचं. ती वर जाऊन आली की दिवसभर तिचा आवाज घरात जरा मोठा असायचा. मास्तरच्या हे ध्यानात आलं होतं. आवडलं होतं असं नाही.

तिच्या सायकलला मागं सात दातरी चकत्या होत्या. तिनं त्यांना नावं नव्हती दिली, नाती दिली होती. सगळ्यात लहान ती धाकटी, सगळ्यात मोठी ती थोरली. “टाकीपर्यंत चौथी चालते,” ती सांगायची. “भिंतीच्या वळणावर थोरलीच पाहिजे. थोरली कुरकुर करते पण ओढते.” मास्तर हसायचा. गिअर म्हणजे कमकुवत पायाच्या माणसांसाठी केलेली सोय, असं त्याचं मत होतं, आणि तो स्वतः त्या चढावर कधी सायकल घेऊन गेला नव्हता.

मग तिचा उजवा गुडघा गेला. एकदम नाही. आधी पायरी उतरताना, मग चढताना, मग नुसता बसून उठताना. वरच्याच डॉक्टरनं चित्र काढून उजेडात धरून दाखवलं. “मावशी, मधली गादी झिजली. चढ सोडा, नाहीतर गुडघा सोडा.”

“तिसरं काही?” तिनं विचारलं.

तिसरं दाखवलं एक्सरेवालीनं. ही पोरगी खालूनच यायची, आणि तिनं आपल्या सायकलला मोटर बसवून घेतली होती. मधोमध, पायडलच्या दांड्यापाशी, पावाएवढा काळा डबा. “बसा तर खरं, मावशी.” मावशीनं इस्पितळाच्या मागच्या चढावर एक फेरी मारली. धाकटी चकती लावली तर मोटर घुसमटली, थोरलीवर टाकली तर सुटल्यासारखी चालली. ती उतरली तेव्हा लहान मुलासारखी हसत होती.

घरी येऊन तिनं मास्तरला सगळं नीट सांगितलं. “ती मोटर गिअरांचं ऐकते, अहो. मोटरचा जोर चेनीतून जातो. मी थोरली लावली की मोटरसुद्धा थोरलीवर. मला तसली पाहिजे. गिअरांचं ऐकणारी.”

“गिअरवाली,” मास्तर म्हणाला.

“हां, गिअरवाली.”

एवढं लांब बोलणं मास्तरनं एका शब्दात बसवलं, आणि तिनं तो शब्द घेतला. त्या वेळी दोघांच्याही मनात काही नव्हतं.

सुट्या भागांचं मोठं दुकान बाजारपेठेच्या टोकाला होतं. ते एक बाई चालवायची. चष्मा कपाळावर, पेन्सिल कानावर, आणि गिऱ्हाइकाला मोजून घेणारी नजर. तिनं मास्तरला ओळखलं. “या काका. चाकाचं काही?”

“मोटरचं.”

“अरे वा. तुम्हीपण?” तिनं टेबलावर तीन वस्तू मांडल्या. “ही बघा. ही चाकातली, बिनगिअरची. मोठ्ठी, जड, आवाज नाही, बिघाड नाही. सपाटीवर पळवा, चढावर रडते. ही दुसरी, चाकातलीच, पण हिच्या पोटात गिअर आहेत. लहान, हलकी, उचल चांगली. गावात फिरायला एक नंबर. आणि ही मधली. पायडलच्या दांड्याच्या जागी बसते. कुणासाठी?”

“घरात.”

“ओझं?”

“दोन गाठोडी. तीसेक किलो.”

“रस्ता?”

“इस्पितळ.”

बाईनं कपाळावरचा चष्मा डोळ्यावर घेतला. “वरचं? मग विषय संपला. मधली घ्या. चाकातली मोटर चढावर हळू झाली की तापते. या दुसरीच्या पोटातले गिअर नायलॉनचे असतात काका, ते ओझ्याखाली झिजतात. मधली तुमच्या मागच्या चकत्यांमधून ओढते.”

“बसवायची कशी?”

“काही नाही हो. दांडा काढायचा, ही सरकवायची, मागून नट आवळायचा. अर्धा तास. कुणीही बसवतं.”

‘कुणीही’ हा शब्द तिनं सहज टाकला होता. मास्तरला तो असा लागला, की जणू कुणी पायातली चप्पल काढून हातात दिली.

“आणि चाक?”

“चाकाला हातच लावायचा नाही. आहे तेच.”

मास्तरनं मधली उचलून पाहिली, ठेवली. मग पोटात गिअर असलेली उचलली. गोल, चकचकीत, दोन्ही कडांना भोकांची रांग. त्यानं नकळत भोकं मोजली. छत्तीस. अठरा इकडे, अठरा तिकडे. ही नुसती मोटर नव्हती, हा हब होता. याच्याभोवती चाक बांधावं लागणार होतं.

“ही मोकळी मिळते?”

“मोकळी कशाला? बांधलेलं चाकच येतं, मोटर आत घालून. यंत्रावर बांधलेलं.”

“मला मोकळी पाहिजे.”

“काका,” बाई आवाज खाली आणून म्हणाली, “चढ आहे म्हणताय ना?”

“चढ मला शिकवू नका. मी त्याच्या पायथ्याशी राहतो.”

तिनं चष्मा परत कपाळावर सरकवला. आतून मोकळी मोटर शोधून आणली, धूळ झटकली. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘गिअर्ड’ छापलेलं होतं. मास्तरनं ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि घरी येईपर्यंत ते खोकं छपाईची बाजू बाहेर करूनच धरलं.

ते चाक बांधायला त्याला चार दिवस लागले. बांधण्यासारखंच चाक होतं ते, यात शंका नाही. मोटरचा घेर मोठा, म्हणून स्पोक आखूड लागतात. तसे जाड स्पोक तयार मिळेनात, तर त्यानं लांब आणून कापले आणि प्रत्येकाला हातानं आटे पाडले. छत्तीसच्या छत्तीस. रिमही दुहेरी भिंतीची आणली. एकेक स्पोक शेजाऱ्याला एकदाच ओलांडून जाईल असा ओवला. पहिल्या दिवशी घड्याळवाला येऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी समोरचा सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गालाला फेस तसाच ठेवून आला. तिसऱ्या दिवशी बाकड्यावर जागा नव्हती.

“नऊ वर्षांनी हात चालतोय मास्तरचा,” सलूनवाला म्हणाला.

“हात कधी थांबला नव्हता,” मास्तर म्हणाला. “तुमचे डोळे गेले होते.”

सगळे हसले. मास्तर मान खाली घालून स्पोकच्या टोकाचं निपल फिरवत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. चौथ्या दिवशी त्यानं चाक फिरवलं आणि काडेपेटीतली काडी रिमपासून कागदाच्या जाडीइतकी दूर धरली. चाक फिरत राहिलं, काडीला कुठं लागलं नाही. सलूनवाल्यानं काडी मागून घेतली आणि स्वतः धरून पाहिली. अशा वेळी हीच दाद असते.

फक्त घड्याळवाल्यानं भिंग वर केलं. “मास्तर, वहिनी वर जाणार ना याच्यावर? आतले गिअर कसले आहेत? माझ्या घड्याळात प्लास्टिकचं चक्र आलं की मी परत पाठवतो.”

“तुझं घड्याळ भिंतीला लटकतं. त्याला काय ओझं असतं?”

“म्हणून तर म्हणतो,” घड्याळवाला म्हणाला आणि आपल्या खोक्यात गेला.

संध्याकाळी मास्तरनं सायकल अंगणात उभी केली. बॅटरी दांडीवर, तारा नीट बांधलेल्या, मागं सात चकत्या जिथल्या तिथं. बायको पदराला हात पुसत बाहेर आली. मधल्या भागाकडं तिनं पाहिलं. तिथं काही नव्हतं.

“मोटर कुठंय?”

“मागं. चाकात.”

“एक्सरेवालीची इथं आहे.” तिनं पायडलच्या दांड्याकडं बोट केलं.

“कंपन्या वेगवेगळ्या असतात.”

ती वाकायला गेली, गुडघ्यामुळं अर्ध्यावर थांबली. तशीच, कमरेवर हात ठेवून तिनं विचारलं, “पण गिअरची आहे ना?”

आता इथं मास्तरला सांगता आलं असतं. नाही, तू म्हणतेस तसली नाही, हिचे गिअर हिच्या पोटात आहेत आणि तुझ्या थोरलीशी त्यांची ओळखसुद्धा नाही. एवढंच वाक्य. पण तो ते चाक बघत होता.

“गिअरचीच आहे,” तो म्हणाला. आणि खोकं आणून दाखवलं. छापलेलं होतंच.

त्यात खोटं काहीच नव्हतं, हेच त्यातलं वाईट.

पहिल्या दिवशी ती रिकामी वर गेली आणि फुलून आली. मोटर ढकलत होती, हवा तोंडावर येत होती. दुसऱ्यांदा एक गाठोडं नेलं. तिसऱ्यांदा दोन. त्या दिवशी परत आल्यावर ती म्हणाली, “अहो, भिंतीच्या वळणावर थोरली लावली, तरी मोटर काही हलकी होत नाही. तशीच घुरघुरते.”

“नवी आहे. बसायला वेळ लागतो.”

पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, “वास येतो.”

“कसला?”

“इस्त्रीखाली टेरिकॉट राहिल्यासारखा.”

“आतलं वंगण तापत असेल. जळून गेलं की थांबेल.”

हे बोलताना त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. वासाचा अर्थ त्याला कळला होता. दुकानात जाऊन मधली मोटर आणायला त्याला एक सकाळ लागली असती, आणि ते चाक काढून खाली ठेवायला वीस मिनिटं. पण दुकानाच्या बाकड्यावर रोज कुणी ना कुणी येत होतं आणि विचारत होतं, मास्तर, वहिनींचं चाक कसं चाललंय? आणि तो सांगत होता, लोण्यासारखं.

ती वळणावर उतरून ढकलायला लागली. सांगितलं नाही. तिला वाटलं, आपल्यालाच गिअर नीट लावता येत नाहीत. बावीस वर्षं सात चकत्यांशी संसार केलेली बाई स्वतःच्या हाताला दोष देत होती, कारण नवऱ्यानं सांगितलं होतं, गिअरचीच आहे.

महिना झाला असेल. त्या दिवशी शस्त्रक्रियेच्या खोलीचे अंगरखे होते, दुपारच्या आत वर पाहिजे होते. भिंतीच्या वळणावर, मधोमध, मोटरमधून दाणे भरडल्यासारखा आवाज आला आणि मग नुसती भिंगरी. मोटर आत जोरात फिरतेय आणि चाक जागच्या जागी. ती उतरली. गाठोड्यांचं ओझं, बॅटरीचं ओझं, मोटरचं ओझं. सायकल आधीपेक्षा दीडपट जड झाली होती. खाली परत जावं तर अंगरखे वर पोचणार नाहीत. तिनं ढकलली. थांबली, ढकलली. उजवा पाय टेकवायचा आणि हँडलवर सगळा भार टाकायचा, असं करत करत वर गेली. भांडारवाल्यानं गाठोडी उतरवून घेतली. ती आपल्या खुर्चीत बसली आणि मग तिला उठता येईना.

नर्सांनी धरून आत नेलं. या वेळी डॉक्टरनं चित्र उजेडात धरलंच नाही. “मावशी, आता सायकल नाही. चढ नाही, उतार नाही. काठी घ्या.”

भांडारवाला माणूस चांगला होता. तो इस्पितळाच्या व्हॅनमधून तिला घरी सोडायला आला आणि दारातच म्हणाला, “तुमचं काम कुठं जात नाही, मावशी. व्हॅन आठवड्यातून दोनदा खाली येतेच. गाठोडी दारात टाकेल, दारातून नेईल. तुम्ही वर यायचीच गरज नाही.”

त्याला वाटलं, चांगली बातमी सांगतोय.

दुसऱ्या दिवशी मास्तरनं दुकानात मोटर उघडली. आत तीन पांढरी चक्रं होती. दात असे गेले होते, जशी चाटून संपवलेली बडीशेपेची गोळी. काळं वंगण, जळका वास. त्यानं मान वर केली तर बायको दारात. काठी टेकत, अर्धा बाजार ओलांडून आली होती. बाकड्यावर घड्याळवाला होता, तो उठून निघून गेला.

“हेच गिअर?” तिनं विचारलं.

“हो.”

“यांचा माझ्या चकत्यांशी काय संबंध?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“हे आतल्या आत फिरतात.”

तिनं एक चक्र उचललं, अंगठा फिरवला. शिवणकाम करणारा अंगठा, टोचून टोचून खडबडीत झालेला. “दुकानवालीनं सांगितलं नव्हतं?”

मास्तरनं हात पुसायला फडकं शोधलं. ते समोरच होतं. “सांगितलं होतं.”

“काय?”

“मधली घ्या म्हणून.”

“मग?”

त्याला खरं उत्तर ठाऊक होतं, पण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. मधलीला चाक बांधावं लागत नाही, हे कारण बायकोच्या काठीसमोर कसं ठेवायचं? तो म्हणाला, “मला वाटलं, हीपण चालेल.”

“तुम्हाला वाटलं नाही,” ती म्हणाली. “वाटलं असतं तर मला दुःख नव्हतं. चुकतं माणूस.” तिनं चक्र जिथल्या तिथं ठेवलं, तेलाचं बोट भिंतीला पुसलं आणि गेली. ओरडली असती तर मास्तरला परवडलं असतं.

तो त्याच दिवशी मधली मोटर घेऊन आला. दुकानवालीनं खोकं काउंटरवरून सरकवलं. दांडा काढला, मोटर सरकवली, नट आवळला. तिनं अर्धा तास सांगितला होता, मास्तरला बावीस मिनिटं लागली. जुनं चाक परत घातलं. सायकल अंगणात उभी केली. बायकोनं खिडकीतून पाहिलं आणि हातातल्या चादरीची कड दुमडली.

पुढं जे झालं ते मास्तरनं मागितलं नव्हतं. मोटरच्या चाकात त्यानं नवी चक्रं टाकली आणि ते दुकानात टांगून ठेवलं. सलूनवाल्याच्या मेव्हण्याला ते दिसलं. त्याचं सगळं फिरणं बाजारपेठेत, सपाटीवर, ओझं म्हणजे स्वतःचं पोट. त्याला ते लोण्यासारखं चाललं. त्याचं बघून दूध डेअरीवाला आला, मग शाळेचा कारकून. सपाटीवर ती मोटर खरंच एक नंबर होती, आणि मास्तरनं बांधलेलं चाक यंत्राच्या चाकापेक्षा दसपट चांगलं होतं. महिन्याला चार-पाच चाकं बांधायचं काम यायला लागलं. पंक्चरी त्यानं बंद केल्या. लोक म्हणायला लागले, मास्तरला म्हातारपणी दिवस आले.

“कुणामुळं आले ते सांगतोस का लोकांना?” घड्याळवाल्यानं एकदा विचारलं.

“गप रे.”

“मी गपच असतो. मी घड्याळं करतो. ती बोलतात.”

घरात भांडण नव्हतं. ती जेवायला वाढायची, कपडे वाळत घालायची, विचारलं तर उत्तर द्यायची. फक्त स्वतःहून त्याला काही विचारेनाशी झाली. नळ गळतोय, तर नळवाल्याला. पत्र आलं, तर शेजारणीला. पूर्वी ती प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ‘ना?’ लावायची. बाहेर ऊन आहे ना, दूध आलं ना, आज लवकर येणार ना. ते ‘ना’ गेलं. मास्तरला आधी कळलंच नाही की घर इतकं शांत कशामुळं वाटतंय.

व्हॅन दोनदा येत होती. चालक हॉर्न वाजवायचा, गाठोडी टाकायचा, जायचा. नर्सांनी पहिल्या महिन्यात दोनदा निरोप पाठवला, एकदा चिठ्ठी. मग त्यांनाही त्यांची कामं होती. चादरी खाली यायच्या त्या आता धुऊन, घडी घालून. वरच्या वाऱ्याचा वास त्यांना नसायचा.

पावसाळा संपता संपता व्हॅन बिघडली. भांडारवाल्याचा फोन आला, दोन दिवस लागतील, पण अंगरखे आजच पाहिजेत. बायकोनं फोन ठेवला आणि भिंतीकडं बघत म्हणाली, “कुणीतरी न्यायला पाहिजेत.”

मास्तरनं दोन्ही गाठोडी कॅरिअरला बांधली. त्या चढावर तो आयुष्यात पहिल्यांदा सायकल घेऊन निघाला. टाकीपर्यंत सहज. टाकीच्या पुढं त्यानं गिअर टाकला, मोटरचा आवाज बारीक झाला. भिंतीचं वळण आलं. त्याला ते एवढं उभं वाटलं नव्हतं कधी. खालून बघणाराला वळण दिसतच नाही. त्यानं सगळ्यात मोठी चकती लावली. मोटर क्षणभर थांबून ऐकल्यासारखी झाली आणि मग संथ ओढायला लागली, जशी दमदार बाई घागर घेऊन चढते. तो बसूनच वर गेला. घाम आला नाही.

भांडाराच्या दाराशी खुर्ची होती. तिच्यावर कुणीतरी रिकामे खोके रचून ठेवले होते.

भांडारवाल्यानं गाठोडी घेतली. दोन नर्सा आल्या. “मावशींचे तुम्ही ना? कशा आहेत त्या?” एकीनं सायकलकडं पाहिलं. “अय्या, ही तर एक्सरेवालीसारखी मोटर. किती छान. आधीच का नाही बसवली हो, काका?”

मास्तर म्हणाला, “नव्हती मिळाली.” आणि पाणीसुद्धा न पिता उतरला.

बायको यंत्रापाशी बसली होती. सुई थांबली. किती महिन्यांनी तिनं स्वतःहून विचारलं, “चढली?”

“चढली.”

“भिंतीच्या वळणावर उतरलात?”

उतरलो, म्हणता आलं असतं. ढकलावी लागली, हीपण काही कामाची नाही, तुझं वर जाणं सुटलं त्यात नवल नाही, असं सगळं म्हणता आलं असतं, आणि तिच्या मनाला कदाचित थोडा थंडावा मिळाला असता. ते वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं.

“नाही उतरलो.”

“बसूनच?”

“बसूनच.”

“दोन्ही गाठोडी?”

“दोन्ही.”

“तापली?”

“हात लावून बघितला वर गेल्यावर. कोमट.”

तिनं गुडघ्यावर हात ठेवला. “म्हणजे मी अजून गेले असते.”

“हो.”

“किती?”

“वर्षं?” मास्तरनं विचारलं. “मोटरचं म्हणशील तर, दहाएक.”

तिनं मान हलवली. दोरा तोडला, दुसरा अंगरखा ओढून घेतला, बंदाची जागा चाचपली. मग सुई खाली सोडायच्या आधी म्हणाली, “एक्सरेवालीच्या बहिणीला वर काम लागलंय. तिला सायकल पाहिजे आहे. उद्या येईल बघायला.”

“देऊन टाकू.”

“देऊ. पण ती काही विचारायला लागली तर तुम्ही मधे बोलू नका. मी सांगेन.”